बिनदाराचे मिस्त्री

मिस्त्रींच्या क्वार्टरला दार नव्हतं. सरकारने दिलं होतं, चांगलं सागवानी, कडी-कोयंड्यासकट. पण राहायला आल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी ते बिजागऱ्यांवरून उतरवलं, उभं कापून त्याच्या दोन फळ्या केल्या आणि त्या दवाखान्याच्या ट्रकच्या दोन्ही अंगांना टांगून ठेवल्या. रेतीत चाक रुतलं की ती फळी चाकाखाली सरकवायची. क्वार्टरच्या चौकटीत गोणपाटाचा पडदा लोंबत असे आणि त्यातून कुत्री, कोंबड्या, शेजारणी आणि अर्जुनीची सगळी धूळ बिनदिक्कत ये-जा करी. पाहणीला आलेल्या ओव्हरसिअरने दार कुठे गेलं म्हणून विचारलं, तेव्हा मिस्त्री त्याला ट्रकजवळ घेऊन गेले आणि म्हणाले की दार सरकारचं, ट्रकही सरकारचा, म्हणजे वस्तू घरच्या घरातच आहे. ओव्हरसिअरने वहीत काय लिहिलं कोण जाणे. दार काही परत आलं नाही.

माणूस उंच, काळासावळा, कानांवर पांढरे केस, खाकी अर्धी चड्डी बारा महिने. नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांपासून पाणीवालीपर्यंत सगळ्यांचे ते मिस्त्री. खरं तर त्यांची नेमणूक ड्रायव्हर म्हणून होती, पण ट्रकचा एकही भाग त्यांच्या हातून सुटला नव्हता, त्यामुळे मिस्त्री हेच खरं.

मी अर्जुनी-मोरगावला नर्स म्हणून गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती, आणि आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात फिनेलने पुसलेल्या फरशीवर मी शिकले. कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं, टाचणीने बसवलेला पदर, आणि स्वभाव त्या लुगड्यासारखाच कडक. गोंदियाहून छोट्या गाडीने अर्जुनीला उतरले तेव्हा स्टेशनवर मला घ्यायला तो ट्रक आला होता. जपानशी चाललेल्या लढाईच्या काळात गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळावर लष्कराने आणलेला, चारही चाकं ओढणारा. लढाई संपल्यावर तो सरकारी दवाखान्याच्या वाट्याला आला आणि त्याच्याबरोबर मिस्त्रीही आले. मी चढायला गेले तर दारच नाही. दाराच्या जागी ताडपत्रीचा एक पडदा, त्याला लाकडी खुंटी. सीटवर गादी नाही, सुतळीने विणलेली बाज. मी विचारलं, ट्रकचं काम चालू आहे का? मिस्त्री म्हणाले, काम झालेलं आहे.

आमचा दवाखाना फिरता होता. दर गुरुवारी डॉक्टर, मी आणि औषधांच्या पेट्या घेऊन मिस्त्री गाढवी नदी ओलांडत आणि पलीकडच्या गावांमध्ये दिवसभर थांबून संध्याकाळच्या आत परतत. नदीचं नाव ऐकून मी हसले होते. पहिल्याच गुरुवारी माझं हसू थांबलं. पात्र रुंद, अर्ध्यात ढोपरभर रेती, अर्ध्यात पाणी. पूल नाही. ट्रक पाण्यात शिरला आणि थोड्या वेळाने माझ्या पायांखालून, ट्रकच्या तळातून, पाणी वर यायला लागलं. आधी घोट्याला लागलं, मग लुगड्याच्या काठाला. ट्रक फुटला, ट्रक फुटला म्हणून मी ओरडले. पुढून मिस्त्रींचा शांत आवाज आला.

"फुटला नाई बाई. असाच हाये."

पलीकडे पोचल्यावर त्यांनी मला ट्रकच्या खाली वाकायला लावून दाखवलं. तळाला वाटीएवढी चार छिद्रं, चार कोपऱ्यांत. ती त्यांनी स्वतः पाडली होती. बंद डबा पाण्यावर तरंगतो, तसा तळ बंद असलेला ट्रकही खोल पाण्यात तरंगायला बघतो, चाकं रेतीवरून उचलली जातात आणि मग धार नेईल तिकडे ट्रक जातो, असं ते म्हणाले. पाणी आत घेतलं की ट्रक जड होतो, चाक रेती धरतं. बाहेर पडलं की पाणी त्याच छिद्रांनी निघून जातं. "पानी आलं तं येऊ द्या, मुक्कामाले राहू नका देऊ," असं त्यांचं बोलणं. गाद्या काढल्या कारण गाद्या पाणी मुक्कामाला ठेवतात. पेट्या जमिनीवर नाहीत, ताडपत्री पेलणाऱ्या वरच्या कमानींना दोरांनी टांगलेल्या. धुराचा पाइप वाकवून छताच्या वर नेलेला. आजाऱ्यासाठी मागच्या भागात कमानीलाच बांधलेली एक लांब झोळी, धक्के लागू नयेत म्हणून चारही बाजूंनी ताणलेली. सगळं पटण्यासारखं होतं, पण माझं लुगडं ओलं होतं आणि ओल्या लुगड्यात मला काहीही पटत नाही.

पाण्याशी त्यांचं जमायचं, रेतीशी हाडवैर. पाणी निघून जातं, रेती राहून जाते, ही त्यांची तक्रार. ब्रेकमध्ये, सांध्यांमध्ये, माणसांच्या चपलांमध्ये कुठेही रेती दिसली की ते कासावीस होत. ट्रकमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाने आधी पाय झाडायचे, चपला हातात घ्यायच्या आणि धोतराचा सोगा झटकायचा. मालगुजारांच्या घरचे एक वजनदार गृहस्थ एकदा दाढदुखीने कळवळत आले, तर मिस्त्रींनी त्यांनाही खाली उभं करून झटकायला लावलं. संध्याकाळी हातात सिंदीचा झाडू घेऊन ते ट्रकच्या पोटात शिरत आणि चिमूटभर रेती निघाली तरी तळहातावर घेऊन आम्हाला आणून दाखवत, जणू आम्हीच ती घरून आणली होती.

रेतीत उतरण्याआधी ते व्हॉल्व्हमध्ये बाभळीचा काटा दाबून चाकांतली हवा सोडत. मऊ चाक पसरतं आणि रेतीवर तरतं. पलीकडे पक्क्या वाटेवर आलं की ती हवा परत भरायची, हातपंपाने. हे काम ते कुणा एकाला करू देत नसत. ट्रकमधल्या धडधाकट माणसाने प्रत्येकी पन्नास दांडे मारायचे असा नियम होता. डॉक्टरही त्यातून सुटत नसत. आमचे डॉक्टर तरुण, गोरे, नाजूक हातांचे. पहिल्यांदा पंप हातात घेतला तेव्हा त्यांनी माझ्याकडे केविलवाण्या नजरेने पाहिलं. मी तोंड फिरवलं. पुढे वर्षभरात त्यांचे दंड चांगले भरले, आणि लग्न ठरलं तेव्हा त्यांनी त्याचं श्रेय मिस्त्रींना दिलं.

आणि नदीत ट्रक घालण्याआधी मिस्त्री ती चालून बघत. काठीने चाचपत, चड्डी वर सरकवून, पलीकडे जात आणि परत येत. सकाळी ओलांडलेली नदी परतताना पुन्हा चालत. कितीही उशीर झाला तरी. एकदा डॉक्टर वैतागून म्हणाले की सकाळी तर पाहिलं होतंत. मिस्त्री म्हणाले, सकाळी पाह्यलं ते सकाळचं होतं, साहेब. परत आल्यावर इंजिनाच्या पंख्याचा पट्टा काढायचे, नाहीतर पंखा पाणी उडवून इंजिन बंद पाडतो, मग गाडीच्या नाकाला ताडपत्री बांधायचे, आणि मग कुठे चाक पाण्याला लागायचं. तोवर ट्रकमधल्या बायकांचं एक पान खाऊन झालेलं असे.

आता जे सांगायचं ते सांगायला मला आजही बरं वाटत नाही. पहिल्या सहा महिन्यांत मी एक तक्रारअर्ज लिहिला. जिल्ह्याच्या ऑफिसला. ट्रकला दारं नाहीत, तळाला छिद्रं आहेत, पाणी आत येतं, जन्मनोंदीचं रजिस्टर भिजून दोनदा अक्षरं पसरली, मलमपट्टीच्या कापसात रेती जाते, आणि महिला कर्मचाऱ्यास ओल्या वस्त्रांत दिवसभर काम करावं लागतं. अर्जात एकही शब्द खोटा नव्हता. माझं अक्षर छान आहे. मी तो डॉक्टरांच्या सहीने पाठवला आणि मिस्त्रींना सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी मिस्त्री ट्रक दुरुस्तीच्या सरकारी कारखान्यात पोचवून आले. तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा ओळखू येईना. पुढे काचेची दारं, मागचा भाग चारी बाजूंनी पत्र्याने बंद, त्याला बाहेर उघडणारं दार, वर तेवढी ताडपत्री. रेक्झिनच्या गाद्या. तळाची चारही छिद्रं पत्र्याच्या चकत्या डाखून बंद केलेली. सोबत लेखी हुकूम होता की यापुढे वाहनाच्या तळात अगर अंगात परवानगीशिवाय फेरबदल करू नये. मिस्त्री ट्रकभोवती एक चक्कर मारून आले. दार उघडून, मिटून पाहिलं.

"आता हा ट्रक नाई," ते म्हणाले. "डोंगा हाये. डोंग्याले वल्हं तरी असते."

मला वाटलं होतं ते आठवड्याभरात सब्बल, म्हणजे पहार, घेऊन छिद्रं पाडतील. त्यांनी पाडली नाहीत. फक्त ती झोळी पुन्हा बांधली, कारण झोळीबद्दल हुकुमात काही नव्हतं. उन्हाळाभर मी कोरड्या पायांनी, गादीवर बसून नदी ओलांडली आणि मनातल्या मनात खूश होते. पावसाळ्यात नदी भरली, चार महिने आमचं पलीकडे जाणं बंद झालं. आश्विनात पाणी उतरलं तसं पुन्हा सुरू झालं.

पलीकडच्या एका गावात अनसूया नावाची मुलगी होती. वीस-एकवीस वर्षांची, घरची धानाची शेती, नवरा कष्टाळू. तिची दोन मुलं जन्मतःच गेली होती, दोन्ही वेळी मूल आडवं होतं. तिसऱ्या वेळचे दिवस भरत आले तेव्हा मी तिच्या सासूला शब्द दिला होता की या खेपेला मी तिला आधीच अर्जुनीला आणीन, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बाळंतपण करीन, आणि मूल जिवंत तुमच्या हातात देईन. असा शब्द नर्सने देऊ नये. पण ती म्हातारी माझा हात सोडेना, आणि मी दिला.

आणायचा दिवस ठरला होता पुढचा गुरुवार. त्याच्या दोन दिवस आधी निरोप आला की अनसूयाला कळा लागल्या आहेत आणि मूल पुन्हा आडवं वाटतंय. डॉक्टर दवाखान्यात साप चावलेल्या एका रोग्याला सोडून निघू शकत नव्हते. मी आणि मिस्त्री निघालो. जाताना पाणी चाकाच्या मध्यावर होतं. अनसूयाला झोळीत घातलं, सासू शेजारी बसली, आणि भर दुपारी आम्ही परत नदीवर आलो. पाणी वाढलं होतं. वर कुठल्यातरी तलावाचा सांडवा सुटला असावा. मिस्त्री काठी घेऊन उतरले, चालत गेले, परत आले. कमरेच्या वर भिजले होते. ते मागे आले आणि पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं.

"बाई, मधात धार हाये. तळाच्या चकत्या फोडतो मी. तुमी हो म्हना."

मी अनसूयाकडे पाहिलं. तापल्यासारखी लाल झाली होती, ओठ चावत होती. आणि मला, एवढ्या शिकलेल्या बाईला, त्या वेळी काय सुचावं? मी म्हटलं, नको, ती भिजेल. हुकूमही आहे.  मिस्त्री मान हलवून पुढे गेले.

मधली धार लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग ट्रक हलका झाला. हे कसं सांगावं? खालचा खडखडाट एकदम बंद झाला, इंजिन जोरात फिरायला लागलं आणि आम्ही मात्र आडवे सरकायला लागलो, हळूहळू, खालच्या अंगाला. त्या बाजूला डोह होता, हे मला माहीत होतं. मी मागच्या दाराला खांदा लावला. ते बाहेर उघडणारं, आणि बाहेरून नदी त्याला टेकून उभी. दार तसूभर हललं नाही. सासू देवाचं नाव घेत होती. इतक्यात वरची ताडपत्री चाकूने फाटली आणि मिस्त्रींचं तोंड दिसलं. ते पुढच्या खिडकीतून निघून छतावर आले होते. त्यांनी सब्बल माझ्या हातात दिली.

"तुमाले फोडा लागन. मी स्टेरिंगवर बसतो. कोपऱ्यात मारा, बाई, चकतीवर. चारही."

ते परत गेले. मी गुडघ्यांवर बसले आणि मारायला लागले. पहिली चकती तिसऱ्या घावाला उडाली आणि पाण्याची चिळकांडी माझ्या छातीवर उडाली. दुसरी. तिसरीला हात सोलले. चौथी गादीखाली होती, ती गादी मी उपसून फेकली. पाणी घोट्यांवर आलं, पोटऱ्यांवर आलं, माझ्या रजिस्टरची पिशवी तरंगायला लागली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्याला म्हणत होते की ये, अजून ये. मग खालून एक धक्का बसला. चाक टेकलं होतं. ट्रकने एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि तो पुढे निघाला. अनसूया झोळीत, पाण्याच्या हातभर वर, कोरडी होती. ती भिजेल म्हणून मी घाबरले होते, आणि झोळीचा विचारच मला सुचला नव्हता.

दिवस मावळायच्या आत दवाखान्यात डॉक्टरांनी मूल फिरवलं आणि मुलगी झाली. रडली. सासूच्या हातात मी दिली तेव्हा मीही रडले, तिच्यापेक्षा जास्त.

बाहेर मिस्त्री चाकांमध्ये हवा भरत होते. त्या दिवशी पन्नासचा नियम त्यांनी एकट्याने पाळला. मी त्यांच्याजवळ जाऊन सांगून टाकलं की तो अर्ज माझा होता, दारं आणि चकत्या माझ्यामुळे आल्या. ते पंप मारायचे थांबले नाहीत.

"मले माईत हाये. कारखान्यात त्यायनं कागद दाखवला. मले वाचता येत नाई, पन औषधाच्या बाटलीवर तेच अक्षर असते."

मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला का नाहीत?

"कायले बोलू? खोटं तं लिवलं नोतं तुमी. लुगडं भिजतच होतं."

एवढं बोलून त्यांनी पंप माझ्याकडे दिला. मी दांडे मारले. किती ते मोजले नाहीत, पण त्यांनी मोजले असणार.

चौकशी आली. तळाला छिद्रं कुणी पाडली? मिस्त्रींनी जबाबात स्वतःचं नाव सांगितलं, मी माझं. तपासायला आलेल्या साहेबांना नर्सने सब्बल चालवली हे पटेना, म्हणून मी त्यांना हात दाखवले. प्रकरण कुठेतरी फाइलीत निजलं. मिस्त्रींनी मात्र त्याच आठवड्यात दारं उतरवली, पत्रा कापला आणि आमचा ट्रक पूर्वीसारखा झाला. माझं रजिस्टर मेणकापडात शिवून त्यांनी एका खास दोराला टांगलं. पहिल्याच वर्षी मी तसं मागितलं असतं तर त्यांनी ते तेव्हाच केलं असतं. मागायचं सोडून मी अर्ज लिहिला होता.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांची नोकरी संपली. कागदावर वय भरलं होतं. नवे ड्रायव्हर आले, सज्जन, निर्व्यसनी, रोज गंध लावणारे. त्यांनी नदी पाहिली आणि हात जोडून सांगितलं की रस्त्यावर म्हणाल तिथे नेतो, पाण्यात गाडी घालायची माझ्याच्याने होणार नाही. त्यांना रागवण्यात अर्थ नव्हता. पण तीन गुरुवार चुकले. पलीकडच्या गावांमध्ये माझ्या नोंदीप्रमाणे त्या वेळी सात बायका पोटुशी होत्या. चौथ्या बुधवारी मी मिस्त्रींकडे, त्यांनी अजून न सोडलेल्या त्या बिनदाराच्या क्वार्टरवर गेले आणि म्हटलं, आता काय करू? ते बाजेवर बसून कांदा कापत होते.

"तुमी चालवा ना," ते म्हणाले. "काऊन नाई?"

मला वाटलं थट्टा करून राहिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्याच्या दारात उभे. डॉक्टरांनी डोळ्यांवर कातडं ओढलं, नव्या ड्रायव्हरने आनंदाने किल्ली दिली, आणि उन्हाळ्याचे ते तीन महिने मी गाढवीच्या कोरड्या रेतीत ट्रक चालवायला शिकले. लुगड्याचा काचा मारून. पाणी आटल्यामुळे त्या दिवसांतले गुरुवार आम्ही पायीच पलीकडे जाऊन केले. गुराखी बघायला यायचे. मी गिअर चुकवला की मिस्त्री दुखल्यासारखा चेहरा करत, पण बोलत नसत. चाकाची हवा किती सोडायची ते काट्याने, आवाजावरून शिकवलं. रुतल्यावर जोर लावायचा नाही, उतरायचं, बसायचं, बघायचं, मग फळी. एकदा मी दिवसभरात नऊ वेळा रुतले आणि रडकुंडीला आले. ते म्हणाले, मी पह्यल्या दिवशी बारा खेपा रुतलो होतो. खरं की खोटं देव जाणे.

याच दिवसांत, फळीवर बसून पाणी पिताना, मी त्यांना घराच्या दाराबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं, एकदाच आणि थोडक्यात. लढाईत ब्रह्मदेशाच्या हद्दीवर एका नदीत त्यांच्या पुढचा ट्रक धारेला लागला आणि बुडाला. आत तिघं होते, तिघंही त्यांच्या ओळखीचे. दारं बंद होती. पाणी दार उघडू देत नाही. "काचेतून हात दिसत होते," ते म्हणाले, आणि उठून चाकाखालची रेती काढायला लागले. मला तेव्हा माझ्या छान अक्षराची जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. मी दुसऱ्या चाकाखालची रेती काढायला बसले. 

पावसाळा सरला, पाणी ओसरलं आणि माझा पहिला गुरुवार आला. पाच-सहा बायाबापड्या पलीकडे जायला ट्रकमध्ये बसल्या होत्या, डॉक्टर पेट्यांशेजारी. मी मिस्त्रींना म्हटलं की तुम्ही माझ्या बाजूला बसा. ते नाही म्हणाले. बाजूला बसलो तर माझा पाय ब्रेकवर जाईल, तुमचा राहून जाईल. त्यांनी मला काठी दिली. मी काचा खोवून नदीत उतरले, चालत पलीकडे गेले, परत आले. किती हाये, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गुडघ्याच्या वर. "तुमच्या गुडघ्याच्या का माह्या?" मी हिशेब करून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मागे जाऊन सुतळीच्या सीटवर बायकांमध्ये बसले.

मी पट्टा काढला, ताडपत्री बांधली, पहिला गिअर टाकला. पाण्यात शिरले तेव्हा माझे कान मागे लागले होते. आता बोलतील, आता सांगतील, डावीकडे घ्या, थांबू नका. काहीच आवाज नाही. धार लागली, तळातून पाणी आलं, चाक घसरल्यासारखं वाटलं आणि मला त्यांचा राग यायला लागला. एक शब्द बोलायला काय जातं या माणसाचं? मी दात आवळून गाडी चालत ठेवली. चाकाने रेती धरली, पाणी खाली गेलं, आणि आम्ही पलीकडच्या काठावर चढलो.  मी इंजिन बंद केलं, उतरले आणि चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मागे गेले.

मिस्त्री झोपले होते. मान एका बाजूला, तोंड अर्धवट उघडं, पाय पाण्याने निथळणारे. शेजारच्या म्हातारीने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं होतं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"पान्यात शिरल्यापासून निजून हायेत," ती हळूच म्हणाली. "उठवू का?"

या माणसाला मी त्या ट्रकमध्ये कधी पापणी मिटताना पाहिलं नव्हतं. नंतरच्या नोकरीत मला शाबासक्या मिळाल्या, बढतीही मिळाली, पण त्या सकाळी जे मिळालं तसं पुन्हा कुणी दिलं नाही. मी म्हातारीला म्हटलं, असू दे, झोपू दे. मग डॉक्टरांना हाक मारून आम्ही दोघांनी, दोर वाजणार नाहीत अशा बेताने, औषधांच्या पेट्या उतरवायला घेतल्या.